टोकन तिघांना, घर एकच

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. वाकडला भाड्याने राहतो, भाडं २८,०००. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ६५ हजार हातात येतात. सगळी बचत धरून ३१ लाख आहेत. तीन जागा आवडल्यात. कोथरूडला सत्तरीतल्या काका-काकूंचा फ्लॅट, ९६ लाख. बालेवाडीत एक रीसेल, ९२ लाख, मालक मेलबर्नला. आणि ताथवड्यात नवा प्रोजेक्ट, ८८ लाख, ताबा अडीच वर्षांनी. एजंट म्हणतो, दोन्ही रीसेलला दोन-दोन लाख टोकन टाका, बिल्डरकडे एक लाख भरून बुकिंग करा, महिनाभरात बँक आणि वकील काय म्हणतात ते बघा, एक ठेवा, बाकीचे पैसे परत मिळतात. मला हे पटत नाही. कोथरूडचे काका म्हणाले, तुमचं टोकन आलं की आम्ही नाशिकला मुलीजवळ बघून ठेवलेल्या फ्लॅटचा विसार देतो. ती इमारत जुनी आहे, बँक कर्ज देईल ना, ही धाकधूकही आहेच. मिस्टरांचं म्हणणं असं की, गेल्या वर्षी सिंहगड रोडला आपलं ५१,००० चं टोकन घेऊन मालकाने तीन लाख जास्त देणाऱ्याला फ्लॅट विकला, तेव्हा आपला विचार कुणी केला? व्यवहारात पाप-पुण्य आणू नये. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : तुमच्या मिस्टरांचा राग मला समजतो, आणि त्याच्याकडे मी येणारच आहे. पण ते म्हणतात तसं पाप-पुण्य घटकाभर बाजूला ठेवू आणि निव्वळ व्यवहार बघू. कारण एजंटाची ही योजना नीतीच्या प्रश्नापर्यंत पोचायच्या आधीच हिशोबात अडते.

कोथरूडचा फ्लॅट धरून चाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते. कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की हीच मर्यादा ७५ टक्क्यांवर येते. म्हणजे ९६ लाखांच्या घराला तुमच्यासाठी ७५ लाख हाच व्यवहार्य आकडा. २१ लाख तुमचे. ८ टक्के दराने आणि २० वर्षांच्या मुदतीने हप्ता ६२,७०० च्या आसपास बसतो. तुमच्या पगारात तो झेपेल, घट्ट होईल पण झेपेल.

आता वरचा खर्च. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ६ लाख ७२ हजार. नोंदणी फी ३०,०००. एजंटाचे १ टक्का धरले तर ९६,०००. सोसायटीची हस्तांतरण फी, जी महाराष्ट्रात २५,००० च्या वर घेता येत नाही. बेरीज ८ लाख २३ हजार. वकील, फ्रँकिंग, बँकेची प्रोसेसिंग फी मी अजून धरलेली नाही. या वरच्या खर्चाला बँक कर्जात धरत नाही, तो तुमच्याच खिशातून. २१ अधिक ८.२३, म्हणजे २९ लाख २३ हजार तुम्हाला रोख उभे करायचेत. आहेत ३१ लाख.

यातून पाच लाख तीन ठिकाणी वाटले, की बँकेत राहिले २६. कोथरूडला दिलेले दोन लाख वजा केले तरी अजून २७ लाख २३ हजार हवेत. सव्वा लाख कमी पडतात. आणि रीसेलमध्ये बँक आधी तुमचा वाटा मालकाला पोचल्याची खात्री करते, मगच आपला चेक काढते. म्हणजे बालेवाडीचे दोन आणि ताथवड्याचे एक, हे तीन लाख परत यायची वाट बघत तुम्ही साठेखताच्या, म्हणजे विक्रीच्या कराराच्या, तारखेला हात चोळत उभ्या. अशा वेळी लोक काय करतात हे मी रोज बघते. पर्सनल लोन काढतात, नाहीतर भावाकडे हात पसरतात. सगळी टोकनं वेळेवर परत आली तरी हातात जेमतेम पावणेदोन लाख उरतात. दोघांपैकी एकाची नोकरी चार महिने गेली तर त्यात हप्ते सुद्धा भागणार नाहीत. असं असताना पाच लाख तीन ठिकाणी टांगून ठेवणं हे तुमच्या ऐपतीबाहेरचं काम आहे.

दुसरी गोष्ट, ‘परत मिळतात’ या वाक्याची. हे वाक्य एजंट तोंडी बोलतो. त्याला ते लिहून द्यायला सांगा आणि गंमत बघा.

विसार म्हणून दिलेली रक्कम परत मिळते की बुडते, हे कागदावर काय लिहिलंय त्यावर ठरतं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात ७० लाखांच्या घरासाठी दिलेले ७ लाख मालकाने ठेवून घेणं योग्य ठरवलं, कारण ती रक्कम व्यवहाराची हमी म्हणून दिली आहे आणि खरेदीदार मागे हटला तर ती जप्त होईल, असं करारात स्वच्छ लिहिलं होतं. उलट कागद मोघम असेल तर भारतीय करार कायद्याचं कलम ७४ मदतीला येतं आणि समोरच्याला वाजवी भरपाईपुरतंच ठेवता येतं. पण वाजवी म्हणजे किती, हे सांगायला कोर्टात जावं लागतं. दोन लाखांसाठी दिवाणी दावा कोण लढवतो? व्यवहारात मालक म्हणतो, ‘दुसरं गिऱ्हाईक मिळालं की देतो,’ आणि तुम्ही दर आठवड्याला फोन करत राहता. ‘परत मिळतात’ याचा बहुतेक वेळा अर्थ असतो, मालकाच्या सवडीने आणि मर्जीने मिळतात.

जाता जाता एक सांगते, कारण मालकांनाही हे माहीत नसतं. टोकन जप्त केलं की ते पैसे फुकटात पडले असं होत नाही. २०१४ पासून अशी जप्त रक्कम मालकाचं ‘इतर उत्पन्न’ धरली जाते आणि त्यावर त्याच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. त्यामुळे टोकन गिळणं हा मालकासाठीही वाटतो तेवढा गोड धंदा नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. हे बरोबर आहे का?

माझं मत असं की, तीन घरांबद्दल एकाच वेळी बोलणी करण्यात काहीही गैर नाही. चार करा, पाच करा. किंमत सांगा, घासाघीस करा, ‘आम्ही आणखी दोन जागा बघतोय’ हे सांगून भाव कमी करायचा प्रयत्नही करा. ते खरं असेल तोवर. मुलीला स्थळं बघताना आपण एकाच घरी जाऊन थांबतो का? बोलणी हा शोधाचा भाग आहे आणि समोरचाही त्याच वेळी चार गिऱ्हाइकांशी बोलत असतो. दोघांचेही हात मोकळे आहेत आणि दोघांनाही ते माहीत आहे.

टोकन दिलं की हे बदलतं. टोकन म्हणजे घराच्या किमतीचा पहिला तुकडा असं आपण समजतो, पण त्या दोन लाखांत मालक तुम्हाला खरं विकतो ते त्याचं थांबणं. तो पोर्टलवरची जाहिरात काढतो. शनिवारी येणाऱ्या दुसऱ्या जोडप्याला ‘झालं हो आमचं’ सांगतो. भाडेकरू असेल तर त्याला नोटीस देतो. आणि हे सगळं तो एका समजुतीवर करतो, की तुम्ही हेच घर घ्यायचं ठरवलंय, आता कागदपत्रांत काही निघालं तरच मोडेल. तिघांना टोकन देता तेव्हा तिघांपैकी प्रत्येकाला तुम्ही हीच समजूत करून देता आणि त्यातल्या दोघांच्या बाबतीत ती खोटी असण्याची शक्यता तुम्हाला आधीपासून माहीत असते. आकडा किती याला महत्त्व नाही. तुम्हाला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही आणि त्यावर तो पैसे लावतोय, हे चुकतंय.

कोथरूडच्या काकांच्या बाबतीत तर हे अंदाजावर सोडायलाही जागा नाही. त्यांनी तोंडाने सांगितलंय, तुमचं टोकन आलं की नाशिकचा विसार देतो. म्हणजे तुमचे दोन लाख तुमच्याकडून निघून दोन दिवसांत नाशिकच्या कुठल्यातरी मालकाच्या खात्यात पोचणार. महिन्याने तुम्ही बालेवाडी ठरवलीत आणि काकांकडे दोन लाख परत मागितलेत, तर ते देणार कुठून? नाशिकवाला त्यांचे पैसे परत देईलच असं नाही. तुमच्याशी गोड बोलून ते देतीलही, एफडी मोडून. तुम्हाला टोकन ‘परत मिळालं’ असं होईल आणि त्याची किंमत सत्तरीतल्या माणसाने भरलेली असेल. हे तुम्हाला आत्ता, या क्षणी माहीत आहे. म्हणून ते तुम्हाला बोचतंय, आणि बोचतंय ते बरोबर आहे.

सिंहगड रोडच्या मालकाने तुमच्याशी केलं ते वाईटच होतं. तुमचं टोकन हातात असताना त्याने घर दुसऱ्याला दाखवलं, त्याचा भाव घेतला आणि तुम्हाला अंधारात ठेवलं. नीट बघितलं तर ती याच दुखण्याची दुसरी बाजू आहे. त्याने दोन गिऱ्हाइकं धरली, तुम्ही तीन मालक धरणार. मिस्टरांना एवढंच विचारा की, त्या मालकाचा हिशोब कोथरूडच्या काकांकडून का वसूल करायचा? त्यांनी तुमचं काय घेतलंय? आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षी तुमचं नुकसान झालं त्याला मालकाच्या स्वभावाइतकाच तुमचा कागदही कारण होता. ५१,००० देताना ‘मालक मागे हटला तर काय’ ही ओळ कुठेच नसणार. असती तर तीन लाखांचा मोह त्याला थोडा महाग पडला असता. त्या ओळीकडे येतेच आहे.

बिल्डरचं प्रकरण वेगळं आहे, आणि इथे मी तुमच्यापेक्षा सैल आहे. ताथवड्याच्या बिल्डरला आणि काकांना एकच माप लावायची गरज नाही. बिल्डरकडे शेकडो फ्लॅट असतात, बुकिंग रद्द होणं त्याने किमतीत आधीच धरलेलं असतं, आणि रद्द करण्याचा भाव उघड लिहिलेला असतो. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२२ मध्ये वाटपपत्राचा (फ्लॅट तुम्हाला दिल्याचं बिल्डरचं पत्र) जो नमुना दिला त्यात वाटपपत्राच्या तारखेपासून १५ दिवसांत रद्द केलं तर काहीही कापायचं नाही, १६ ते ३० दिवसांत घराच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के, असं कोष्टक आहे. पैसे ४५ दिवसांत परत द्यायचे, नाहीतर व्याज. दोन्ही बाजूंना नियम माहीत आहेत, कुणी कुणाला फसवत नाही. १५ दिवसांच्या आत विचार बदलला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण ते टक्के कशाचे आहेत ते बघा. भरलेल्या एक लाखाचे नव्हेत, ८८ लाखांचे. एजंट म्हणतो ‘महिनाभरात बघू’. पंचविसाव्या दिवशी रद्द केलंत तर कपात ८८,०००. एक लाखातले १२,००० हातात येतील. शिवाय सेल्स ऑफिसमध्ये सही घेतात तो अर्ज बरेचदा बिल्डरच्या स्वतःच्या अटींचा असतो आणि वाटपपत्र मागाहून येतं. तेव्हा सही करायच्या आधी नमुन्याचं वाटपपत्र मागा आणि रद्द करण्याचं कोष्टक त्यात आहे का ते डोळ्यांनी बघा. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम तो मागू शकत नाही, हे रेरा कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. करार झाल्यावर मागे फिरणं मात्र महाग. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बिल्डरचं २० टक्के जप्तीचं कलम एकतर्फी ठरवलं, तरी १० टक्के ठेवून घ्यायला हरकत घेतली नाही.

आणि मुळात ताथवडं तुम्हाला वाटतं तेवढं स्वस्त नाहीच. ८८ लाखांवर ५ टक्के जीएसटी ४ लाख ४० हजार, मुद्रांक शुल्क ६ लाख १६ हजार, नोंदणी ३० हजार, झाले ९८ लाख ८६ हजार. ताबा मिळेपर्यंत ३० महिने वाकडचं भाडं चालूच, ८ लाख ४० हजार. एक कोटी सात लाख झाले, आणि दरम्यान बँक टप्प्याटप्प्याने जे पैसे देईल त्यावरचं व्याज निराळं. कोथरूड सगळं धरून एक कोटी सव्वाचार लाखांत पडतं. ताबा लांबला तर काय, हे मी बोलतच नाही.

बालेवाडीबद्दल थोडक्यात. मालक अनिवासी असेल तर ५० लाखांवरच्या घराला आपण नेहमी १ टक्का टीडीएस, म्हणजे मालकाच्या नावाने सरकारकडे भरायचा कर, कापतो तो हिशोब तिथे चालत नाही. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के आणि वर अधिभार-उपकर, साधारण १४ टक्क्यांच्या घरात जातं. मालकाने प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नाही, तर खरेदीदार सहसा ही कपात पूर्ण किमतीवर करतात. ९२ लाखांवर ते १३ लाखांच्या पुढे होतात. कापायची जबाबदारी तुमची, चुकलं तर खातं तुमच्या मागे लागणार. तो दाखला यायला वेळ लागतो, मालक तोवर ताटकळतो, आणि सह्या कुणाच्यातरी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर. हे घर घेऊच नये असं म्हणत नाही. पण ‘महिनाभरात निकाल लावू’ या योजनेत बसणारं हे घर नव्हे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इथे छापताना ते मी आटोपशीर केलंय, पण मूळ पत्रात अर्धं कोथरूडच आहे. आईचं घर चालत अंतरावर, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, काकूंनी लावलेला कढीपत्ता. बाकी दोन जागांना मिळून चार ओळी. तुमचं ठरलेलं आहे. बालेवाडी आणि ताथवडं तुम्ही घर म्हणून धरत नाही आहात, विमा म्हणून धरता आहात. भीती एवढीच की इमारत जुनी, बँक नाही म्हणाली तर? टायटलमध्ये, म्हणजे मालकी हक्कात, काही निघालं तर? मग हाताशी दुसरं नको का?

ही भीती रास्त आहे. जुन्या इमारतीत बँकेचा मूल्यांकनवाला येऊन ९६ च्या जागी ८८ लाख लिहून जातो आणि कर्ज त्या ८८ वर बसतं, असं पुष्कळदा होतं. कन्व्हेअन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नसतं. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, सापडत नाही. पण या भीतीवर औषध आणखी दोन मालक अडकवणं हे नाही. औषध आहे त्याच घराच्या विसार पावतीत दोन ओळी जास्त लिहिणं, आणि टोकनाच्या आधी थोडं काम उरकणं.

टोकनाच्या आधीचं काम असं. काकांकडून चार कागदांच्या झेरॉक्स मागा : त्यांच्या खरेदीचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र आणि सोसायटीच्या मेंटेनन्सची शेवटची पावती. त्या घेऊन वकिलाकडे जा, सविस्तर शोध अहवाल नंतर, आधी फक्त नजर टाकायला सांगा. काही हजारांत होतं. एकाच बँकेकडून तुमच्या पगारावर आधी मंजुरीपत्र घ्या आणि त्याच बँकेला विचारा की या इमारतीत तुम्ही आधी कर्ज दिलंय का. कोथरूडच्या वीस वर्षांच्या इमारतीत बहुतेक कुणा ना कुणा बँकेचं कर्ज असतंच. सोसायटीच्या सेक्रेटरीला एक फोन केला तर दोन मिनिटांत कळतं. पाच बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची नोंद सिबिलवर उमटते. हे सगळं आठवडाभराचं काम आहे. हा आठवडा तुम्ही काकांकडे मागून घेऊ शकता, टोकन न देता, आणि त्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्याला घर दाखवलं तर तक्रार न करता.

मग टोकन. एकालाच. चेकने किंवा बँकेतून, रोख नाही. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि काकांना हे माहीत नसणार. दोन लाख द्यायची गरज नाही, ५१,००० ही पुण्यात चालणारी रक्कम आहे. पण त्यांना नाशिकला जास्त द्यायचे असतील तर एक लाखही ठीक. सोबत विसार पावती, साध्या भाषेत, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. मजकूर साधारण असा :

‘आजपासून ४५ दिवसांत साठेखत करायचं आहे. तोपर्यंत लिहून देणार हे घर दुसऱ्या कोणासही दाखवणार अगर विकणार नाहीत. मालकी हक्कात दोष निघाल्यास, अथवा या घरावर बँकेने किमान ७५ लाख रुपये कर्ज लेखी नाकारल्यास, विसाराची पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करावयाची आहे. लिहून घेणार यांनी याव्यतिरिक्त कोणत्याही कारणाने व्यवहार मोडल्यास विसाराची रक्कम परत मागता येणार नाही. लिहून देणार यांनी व्यवहार मोडल्यास विसाराची रक्कम आणि तितकीच आणखी रक्कम १५ दिवसांत द्यावयाची आहे.’

वकिलाकडून भाषा तपासून घ्या, पण हे चार मुद्दे गाळू देऊ नका. बँकेच्या ओळीत वरच्या हिशोबातलेच ७५ लाख लिहिलेत, आकडा बदलायचा असेल तर तुम्ही ठरवा. काकांनाही तो बघून कळेल की तुमची गाडी कुठे अडू शकते, आणि नाशिकचा विसार आज द्यायचा की तुमची बँक हो म्हणेपर्यंत थांबायचं, हे ते डोळे उघडे ठेवून ठरवतील. त्यांना हे वाचून दाखवा. ‘नाशिकला पैसे द्यायच्या आधी आमच्या बँकेचं पत्र येऊ द्या’ असं तुम्हीच म्हणालात तर अधिक चांगलं. शेवटची ओळ सिंहगड रोडसाठी आहे. काका ती नाकारणार नाहीत असा माझा अंदाज, पण नाकारली तर तेही तुम्हाला वेळेवर कळलं.

आता समजा, सगळं करूनही तुम्हाला खरोखर दोन घरांत ठरवता येत नाहीये आणि दहा दिवस हवेत. त्यालाही सरळ मार्ग आहे. मालकाला सांगा, ‘आमचं अजून ठरलेलं नाही, दुसरी एक जागाही बघतोय. दहा दिवस घर आमच्यासाठी थांबवा, त्याचे पंधरा हजार देतो. घेतलं तर किमतीत धरा, नाही घेतलं तर तुमचे.’ अमेरिकेत टेक्सासमध्ये घरखरेदीच्या छापील करारातच याची सोय आहे : ठरावीक दिवसांत कुठल्याही कारणाने बाहेर पडायचा हक्क हवा असेल तर खरेदीदार मालकाला त्याची वेगळी फी देतो, आणि बाहेर पडला तरी ती फी मालकाकडेच राहते. आपल्याकडे छापील नमुना नाही, पण कागदावर लिहून घ्यायला कोण अडवतंय? असे दोन मालकांना पंधरा-पंधरा हजार दिलेत तर मी एक शब्द बोलणार नाही, कारण दोघांनाही माहीत आहे की ते काय विकतायत. पाच लाख अंधारात अडकवण्यापेक्षा एका बाजूचे पंधरा हजार उघडपणे घालवणं स्वस्तही आहे. मिस्टरांना हा आकडा पटेल.

एजंटाला यातलं काही आवडणार नाही. त्याचा धंदा टोकन पडल्यावर चालू होतो, त्याला टोकन लवकर आणि जास्त पडलेलीच बरी. त्याच्याशी भांडू नका. पण बालेवाडीला आणि ताथवड्याला ‘नाही’ म्हणायचा निरोप त्याच्या हाती देऊ नका. तो ‘पार्टी अजून विचार करतेय’ असंच सांगत राहील, तुमचं कोथरूड फिसकटलं तर दुसरं गिऱ्हाईक तयार राहावं म्हणून. काकांना टोकन दिलं त्याच संध्याकाळी बालेवाडीच्या मालकाला स्वतः मेसेज करा. मेलबर्नचं घड्याळ आपल्या साडेचार-साडेपाच तास पुढे आहे, तेव्हा फार उशीर नको. ‘आम्ही दुसरीकडे ठरवलं, तुम्ही पुढे व्हा’ एवढं पुरे. आमचं मोडलं तर फोन करू, असंही खुशाल लिहा. ते खरंच आहे, आणि घर तोवर शिल्लक असेल तर तो आनंदाने बोलेल.

दोन गोष्टी पैशाच्या, ज्या तुम्ही विचारल्या नाहीत. साठेखत फक्त तुमच्या एकटीच्या नावाने केलंत तर महिलांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ९६,००० वाचतात. जोडनावावर ती मिळत नाही. मिस्टर कर्जात सहकर्जदार राहतील, मालकीत नाही, आणि हे त्यांना चालेल का ते तुमच्या घरात बसून ठरवायचं. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी भांडण विकत घेऊ नका. आणि इक्विटी फंड मोडायचे असतील तर साठेखताच्या आठवड्यात मोडू नका. पैसे खात्यात यायला दोन-तीन कामाचे दिवस जातात आणि बाजार त्याच आठवड्यात पडायचा. तुमच्या बँकेचं मंजुरीपत्र आलं की त्या दिवशी मोडा, सव्वा लाखावरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला १२.५ टक्के कर लागेल तो बाजूला काढा, आणि उरलेले काकांच्या तारखेपर्यंत बचत खात्यात पडू द्या.